शेवटचा तांब्या : केअरमध्ये असलेल्या आजी-आजोबांचं मन आणि थेरपी

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याची भाषा मुद्दाम फारशी बदललेली नाही.)

 

तुमच्या मेसेजेसमध्ये एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सतत येतोय. कोणी लिहितं, "आजीसाठी चोवीस तासांची ताई ठेवलीय, हॉस्पिटलचा बेड आणलाय, तरी ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून असते." कोणी लिहितं, "आजोबांना वृद्धाश्रमात ठेवलंय, जागा चांगली आहे, पण फोनवर दोन वाक्यांच्या पुढे बोलतच नाहीत." आणि शेवटी सगळ्यांचा एकच प्रश्न : "या वयात थेरपीचा काही उपयोग होतो का? की हे असंच असतं?"

मी समुपदेशक आहे. माझे बरेचसे क्लायंट सत्तरीच्या पुढचे. त्यांतले निम्मे माझ्याकडे येऊ शकत नाहीत, मीच त्यांच्याकडे जाते. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला. आज त्यावरच बोलूया. ज्या माणसांबद्दल सांगणार आहे, त्यांची ओळख पटेल असे तपशील मी बदललेत, हे आधीच सांगते.

क्रियापदं बदलतात

सुरुवात मराठीच्या व्याकरणापासून करते. घाबरू नका, परीक्षा नाहीये.

शाळेत प्रयोजक क्रियापदं शिकलो होतो, आठवतंय? जेवणे, जेवू घालणे. झोपणे, झोपवणे. उठणे, उठवणे. बसणे, बसवणे. आता एखाद्या घरात केअर सुरू झाली की काय होतं ते ऐका. काल आजोबा "आंघोळ करत" होते, आजपासून त्यांना "आंघोळ घालतात". काल जेवत होते, आज त्यांना "भरवतात". काल औषध घेत होते, आज "देतात". एका आठवड्यात माणसाची सगळी क्रियापदं दुसऱ्याच्या नावावर जातात. वाक्यात माणूस तोच, पण तो आता कर्ता उरलेला नाही, कर्म झालाय.

हे कोणी वाईट हेतूने करत नाही. पडले तर हाड मोडेल, गरम पाण्याने भाजेल, गोळी चुकेल, सगळी भीती खरी आहे. पण या बदलाचं दुःख असतं आणि त्या दुःखाला आपल्या घरात नाव नसतं. पाय गेला की आपण म्हणतो पाय गेला. "माझं करणं गेलं" हे कोणाला सांगायचं?

मग ते दुसऱ्या वाटेने बाहेर येतं. चिडचिड, हट्ट, ताईवर आरडाओरडा, "भाजीत मीठ नाही" म्हणून ताट सरकवणं. किंवा एकदम शांतता. आणि ही शांतता घरच्यांना सोयीची वाटते, म्हणून तिच्याकडे सगळ्यात उशिरा लक्ष जातं.

"या वयात काय बदलणार?" हे म्हणणारा पहिला मोठा माणूस

"म्हातारपणी मन बदलत नाही" ही समजूत फक्त आपल्या घरची नाही. खुद्द सिग्मंड फ्रॉइडची होती. डिसेंबर १९०४ मध्ये व्हिएन्नात डॉक्टरांसमोर दिलेल्या व्याख्यानात त्याने सांगितलं की पन्नाशीच्या आसपास आणि पुढे मनाची लवचिकता सहसा राहत नाही, म्हणून अशा लोकांवर मनोविश्लेषणाचा उपचार करण्यात फारसा अर्थ नाही. गंमत म्हणजे त्या दिवशी फ्रॉइड स्वतः अठ्ठेचाळीस वर्षांचा होता! त्यानंतर तो आणखी पस्तीसेक वर्षं जगला, लिहीत राहिला, आपलीच मतं बदलत राहिला. इड, इगो, सुपरइगो हे शब्द आपण आज मीम्समध्ये वापरतो ना, ती मांडणी त्याने १९२३ साली केली. तेव्हा त्याने साठी ओलांडली होती.

त्याचाच शिष्य कार्ल अब्राहम याने १९१९ मध्ये वेगळा अनुभव मांडला. त्याचं म्हणणं साधारण असं : माणसाचं वय किती यापेक्षा त्याचा आजार किती जुना, हे जास्त महत्त्वाचं. म्हणजे सत्तरीत पहिल्यांदा आलेलं नैराश्य हे पंचविशीपासून मुरलेल्या नैराश्यापेक्षा हाताळायला सोपं असू शकतं.

पुढे १९६३ मध्ये रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने आणखी एक गोष्ट सांगितली. तोपर्यंत म्हातारी माणसं जुन्या आठवणी काढत बसली की डॉक्टर म्हणायचे, डोकं चालेनासं झालं. बटलर म्हणाला, हे आजाराचं लक्षण नाही, हे मनाचं काम आहे. शेवट जवळ आलाय हे कळलं की माणूस आयुष्याचा हिशेब मांडायला घेतो. त्याने याला आयुष्याचा आढावा म्हटलं. वयावरून भेदभाव करण्याला इंग्रजीत जो 'एजिझम' शब्द आहे, तोही त्यानेच १९६९ मध्ये रूढ केला. तेव्हा पुढच्या वेळी आजोबांनी तोच किस्सा काढला आणि तुम्ही फोनमध्ये डोकं घातलंत, तर बटलर आठवा.

नैराश्य आहे, पण 'उदास' हा शब्द नाही

आता आकडे. थोडेच देते, पण कामाचे आहेत.

'लासी' नावाचा देशव्यापी अभ्यास आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने तो राबवला. पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली, पंचेचाळीस आणि त्यापुढच्या वयाची बहात्तर हजारांहून जास्त माणसं त्यात होती. साठीच्या पुढच्यांना ठरावीक प्रश्न विचारून तपासलं, तेव्हा ८.३ टक्के लोकांमध्ये मोठ्या नैराश्याची शक्यता दिसली. म्हणजे साधारण बारा जणांत एक. आणि "तुम्हाला डॉक्टरांनी नैराश्य आहे असं कधी सांगितलंय का?" याला 'हो' म्हणणारे किती? ०.८ टक्के. दहापट फरक! दहा जणांना त्रास, त्यातल्या एकाला त्याचं नाव माहीत.

असं का होतं? एक कारण भाषेचं आहे. माझ्या क्लायंट्सपैकी "मी डिप्रेस्ड आहे" असं म्हणणारं जवळपास कोणी नसतं. ते काय म्हणतात ऐका : "जीव रमत नाही." "अन्न गोड लागत नाही." "अंगात त्राण नाही." "डोकं गच्च होतं." "कशातच राम वाटत नाही." आणि थेरपीचं नाव काढलं की, "मला काय धाड भरलीय?" आपण यातला शारीरिक भाग उचलतो आणि टॉनिक आणतो.

दुसरं कारण, शरीराची दुखणी खरीच असतात. मग झोप उडाली ती गुडघ्यामुळे की मनामुळे, हे कसं ओळखायचं? म्हणून ज्येष्ठांसाठी १९८० च्या दशकात वेगळी प्रश्नावली तयार झाली. मूळची तीस प्रश्नांची, १९८६ मध्ये तिचं पंधरा प्रश्नांचं छोटं रूप आलं. उत्तरं फक्त हो किंवा नाही. तिच्यात भूक किती, वजन किती, झोप किती असे शरीराचे प्रश्न मुद्दाम टाळलेत. आयुष्य रिकामं वाटतं का, असहाय वाटतं का, आवडीच्या गोष्टी सोडून दिल्यात का, अशा अंगाने ती विचारते. ही निदान करत नाही हं. पुढची तपासणी हवी का, एवढंच सांगते.

आणि इथे एक महत्त्वाचं : थेरपिस्टकडे जाण्याआधी किंवा बरोबरच, डॉक्टरांकडून शरीराची तपासणी हवी. थायरॉइड कमी असेल, बी-१२ कमी असेल, सोडियम घसरलं असेल, एखाद्या औषधाचा परिणाम असेल, तरी माणूस मंद आणि उदास दिसू शकतो. ऐकू येत नसेल तर तो संभाषणातून हळूहळू बाहेर पडतो आणि आपण म्हणतो, "घुमे झालेत." काल बरे होते आणि आज अचानक असंबद्ध बोलतायत, माणसं ओळखत नाहीत, असं झालं तर तो मनाचा प्रश्न समजून थांबू नका. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, पक्षाघात, काहीही असू शकतं. त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं.

मग थेरपीत नक्की होतं काय?

सिनेमातला कोच, टिश्यू पेपरचा बॉक्स आणि खिडकीतला पाऊस विसरा. माझ्या सेशनची सुरुवात बहुतेक वेळा अशी होते : टीव्ही बंद करा, श्रवणयंत्रात सेल आहे का बघा, मी समोर बसते म्हणजे माझे ओठ दिसतील आणि कृपया दार लावून घ्या.

दार लावायचं म्हटलं की घरात शांतता पसरते. कारण केअरमधल्या माणसाला खासगीपणा नसतोच. सून असते, ताई असते, शेजारच्या काकू असतात आणि सगळ्या मिळून आजींच्या वतीने उत्तरं देत असतात. "काय त्रास होतो आजी?" "अहो, यांना रात्री झोप नाही, आणि..." मी आजींना विचारतेय आणि बोलतंय कोण? कधी कधी पहिल्या चार भेटींत माझं अर्धं काम एवढंच असतं, की उत्तर येईपर्यंत वाट बघायची. म्हातारं माणूस उत्तर द्यायला वेळ घेतं. त्या शांततेत घाईने आपलं वाक्य कोंबायचं नाही.

सेशन लहान असतं, तीस-चाळीस मिनिटं. जे ठरलं ते मोठ्या अक्षरात कागदावर लिहून ठेवते. पद्धती तरुणांसाठी असतात त्याच आहेत, त्या अंगाला बेतून घ्याव्या लागतात.

एक उदाहरण. एसटीत कंडक्टर होते ते काका. पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. मुलगा-सून प्रेमळ. ब्युरोकडून एक दादा ठेवलेले. काका मात्र दादांना शिव्या घालायचे, रोज सकाळी. घरच्यांच्या मते पक्षाघाताने स्वभाव बदलला. तसं होऊ शकतं, पक्षाघातानंतर नैराश्यही बरंच दिसतं, म्हणून डॉक्टरांनी ते तपासलं होतं. पण मी काकांना विचारलं, "दिवसभरात एकच गोष्ट बदलता आली तर कोणती बदलाल?" मला वाटलं, म्हणतील चालायचंय. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "आंघोळ चहानंतर."

झालं असं होतं की दादांची ड्यूटी सकाळी आठला संपायची, म्हणून ते साडेसहालाच आंघोळ उरकायचे. काकांची चाळीस वर्षांची सवय : आधी चहा, मग पेपर, मग आंघोळ. कंडक्टरच्या नोकरीत ड्यूटी पाळीप्रमाणे बदलायची, पण हा क्रम कधी बदलला नव्हता. तो आता कोणीतरी न विचारता बदलला होता.

याला प्रश्न सोडवण्याची थेरपी म्हणतात. पायऱ्या अगदी साध्या : नेमका प्रश्न कोणता, त्यातलं आपल्या हातात काय, पर्याय कोणते, एक निवडायचा, करून बघायचा, आठवड्याने तपासायचं. आंघोळ चहानंतर व्हायला तीन आठवडे लागले, कारण त्यात ब्युरो, दिवसपाळीचे दुसरे दादा आणि सुनेची ऑफिसची वेळ असं सगळं होतं. या चर्चेत काका प्रत्येक वेळी हजर होते. त्यांच्याबद्दल नाही, त्यांच्याशी बोलणं चाललं होतं. मग त्यांनीच आणखी एक अट घातली : शेवटचा तांब्या माझा मी घेणार, डाव्या हाताने. पहिले काही दिवस निम्मं पाणी जमिनीवर जायचं. पण बघा, "आंघोळ घालतात" या वाक्यात एक "करतो" परत आला.

काकांचं नैराश्य तांब्याने बरं झालं असं मी म्हणत नाहीये. फिजिओथेरपी होती, औषध होतं. पण शिव्या कमी झाल्या आणि व्यायामाला नकार देणारे काका व्यायाम करायला लागले. आपल्या करण्याने काही घडतं हे एका जागी कळलं की माणूस दुसऱ्या जागी प्रयत्न करून बघतो.

याच्या आसपासचा एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या एका नर्सिंग होममध्ये केलेला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, हे रोपटं घ्या, काळजी तुम्ही घ्या, सिनेमा कुठल्या दिवशी बघायचा ते निवडा. दुसऱ्या मजल्यावरही रोपटी दिली, सिनेमाही दाखवला, पण सांगितलं, पाणी नर्स घालेल, दिवस आम्ही सांगू. सोयी जवळपास सारख्याच. काही आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त सजग, जास्त सक्रिय आणि जास्त आनंदी दिसले. अभ्यास लहान होता, त्यावरून जगाचे नियम बनवू नका. पण "पाणी कोण घालणार?" हा प्रश्न लक्षात ठेवा.

हिशेब गोड असतोच असं नाही

दुसरं उदाहरण, आयुष्याच्या आढाव्याचं. वृद्धाश्रमातल्या एक आजी, वय एक्क्याऐंशी. जेवण जवळपास बंद. तपासण्या झालेल्या, नैराश्याचं निदान झालेलं, औषध सुरू केलेलं. त्या गिरणगावात वाढलेल्या. १९८२ चा गिरणी संप झाला, नवऱ्याची नोकरी गेली, मग त्यांनी घरात खानावळ चालवली. रोज वीस-बावीस माणसं जेवायची.

पहिल्या काही भेटी छान गेल्या. डाळीला फोडणी कशी द्यायची, उधारी कशी वसूल करायची, कोण ताटात उष्टं टाकायचा, सगळं सांगत होत्या. वीस माणसांना वाढणारा हात आणि आता कोणीतरी चमच्याने भरवतंय, या लाजेबद्दलही बोलल्या. मग एक दिवस गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "थोरल्याला मी शाळेतून काढला. चौदा वर्षांचा होता. हुशार होता."

आढावा म्हणतात तो हा. नुसत्या गोड आठवणी काढणं वेगळं. तेही चांगलं आहे, जुनी गाणी लावा, फोटो बघा, नक्की करा. पण आढाव्यात माणूस राहून गेलेल्या जागेपाशी येतो. तिथे "जाऊ द्या हो, तेव्हा परिस्थितीच तशी होती" म्हणून झाकण लावायचं नसतं. आम्ही त्या एका वर्षाबद्दल पाच-सहा भेटी बोललो. मग त्यांनी ठरवलं, मुलाला सांगायचं.

मुलगा आता पन्नाशीच्या पुढचा. तो म्हणाला, "आई, मी कधीच विसरलो ग ते." आजींना हे उत्तर आवडलं नाही. मला नंतर म्हणाल्या, "तो विसरला असेल. मी सांगितलं ना पण." खाणं सुधारायला आणखी दोन महिने लागले. गोळीही चालू होती, म्हणून सगळं श्रेय मी थेरपीला देत नाही. पण त्यांनी सांगितलं, हे क्रियापद त्यांचं होतं.

गोव्यातली गोष्ट

तुम्ही म्हणाल, हे सगळं पुण्या-मुंबईत ठीक आहे. थेरपिस्ट आणायचे कुठून आणि पैसे कुठून? रास्त प्रश्न. आणि याचं एक उत्तर आपल्या शेजारीच सापडलंय, गोव्यात.

तिथे डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. नाव 'डिप्रेशन इन लेटर लाइफ', आद्याक्षरं घेतली तर 'दिल'. साठीच्या पुढचे १८१ लोक, सगळ्यांना सौम्य लक्षणं, पण पूर्ण नैराश्य अजून आलेलं नाही. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना प्रशिक्षण दिलेले सामान्य समुपदेशक भेटायचे, मानसशास्त्रज्ञ नव्हे. ते करायचे काय? प्रश्न सोडवायला शिकवायचे, झोपेच्या सवयी नीट करायच्या, मधुमेहासारख्या आजारात स्वतःची काळजी कशी घ्यायची ते सांगायचं आणि सरकारी योजनांपर्यंत पोचायला मदत करायची. मला हा शेवटचा भाग फार आवडतो. पेन्शनचा अर्ज अडकलाय ही काळजी श्वासाच्या व्यायामाने जात नाही, अर्ज पुढे सरकल्यावर जाते.

निष्कर्ष २०१९ मध्ये आले. वर्षभरात समुपदेशन मिळालेल्या ९१ जणांपैकी चौघांना मोठं नैराश्य आलं. न मिळालेल्या ९० जणांपैकी तेराजणांना. अभ्यास छोटा आहे, पण फरक मोठा आहे आणि तो महागड्या क्लिनिकमध्ये नाही, सरकारी आरोग्य केंद्रांच्या आसपास घडलाय.

गोव्यातच त्याआधी, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला आणखी एक अभ्यास आहे, स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या ८१ कुटुंबांचा. तिथे घरी जाणाऱ्या सल्लागारांनी रुग्णाची काळजी घेणाऱ्यांना माहिती आणि आधार दिला. काळजी घेणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला.

स्मृतिभ्रंशाबद्दल इथेच सांगते. तिथे बोलून उलगडण्याची थेरपी एका टप्प्यानंतर चालत नाही, पण भावना राहतात. आजी विचारते, "माझी आई कुठंय?" तुम्ही म्हणालात, "आजी, पणजी जाऊन चाळीस वर्षं झाली," तर तिला ती बातमी आज नव्याने कळते. रोज. त्याऐवजी, "आईची आठवण येतेय का ग? काय करायची ती तुझ्यासाठी?" असं विचारून बघा. तुम्ही खोटं बोलला नाहीत, पण तिच्या भावनेपाशी जाऊन बसलात.

तुम्ही काय करू शकता, आणि काय करायचं नाही

पहिलं, तुम्ही नातवंडं आहात, थेरपिस्ट नाही. आजोबांवर या भागातली तंत्रं वापरून बघू नका. तुमचं काम सोपं आहे आणि ते तुमच्याशिवाय कोणी करू शकत नाही.

दुसरं, विचारा. "आजी, तुला काय हवंय?" हा फार मोठा प्रश्न झाला, त्याला "काही नको ग बाई" हेच उत्तर येतं. दोन पर्याय द्या. खिडकीपाशी बसायचं की टीव्हीपाशी? निळी साडी की हिरवी? आज फोन कोणाला लावायचा, मावशीला की आत्याला? आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

तिसरं, आवाज तपासा. "शहाणं बाळ ते, आ कर बघू!" हे आपण प्रेमाने म्हणतो. पण ज्या बाईने घर चालवलं तिला ते कसं वाटत असेल? स्मृतिभ्रंश असलेल्या लोकांशी असं बाळबोबडं बोललं की ते कामाला जास्त विरोध करतात, असं अमेरिकेतल्या नर्सिंग होममधल्या अभ्यासात दिसलंय. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे : तू आणि तुम्ही. नातीने आजीला 'तू' म्हणणं हे लाड. पण परक्या माणसाने पहिल्याच दिवशी 'ए आजी, ऊठ' म्हणणं वेगळं. ताईंना सांगा, आजींना काय म्हटलेलं आवडेल ते त्यांनाच विचारा.

चौथं, त्या ताईंकडेही बघा. त्यांचीही मुलं असतात, बऱ्याचदा लांब गावी. बारा-बारा, चोवीस-चोवीस तास एका उदास माणसाजवळ बसणं सोपं नाही. त्यांना सुट्टी मिळते का? त्या वेळेवर जेवतात का? आणि घरात जी एक व्यक्ती सगळं करते, बहुधा आई किंवा काकू, तिला आठवड्यातले तीन तास तुम्ही मोकळे करून द्या. काळजी घेणारी मोडली तर दोन पेशंट होतात.

पाचवं, आणि हे नीट ऐका. "आता देवाने न्यावं" हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. प्रत्येक वेळी ते धोक्याचं नसतं. पण झटकूनही टाकू नका. सरळ विचारा, "आजोबा, जगायला नको वाटतं का? स्वतःला काही करावं असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. गोळ्या साठवणं, अचानक वस्तू वाटून टाकणं, निरोपासारखं बोलणं, खाणंपिणं सोडणं, असं दिसलं तर माणसाला एकटं सोडू नका, गोळ्या कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दोन नंबर सेव्ह करा. टेली मानस, १४४१६. सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन, १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. पेन्शन, वृद्धाश्रम, छळ, एकटेपणा, कशासाठीही. जवळच्या जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये मानसोपचाराची ओपीडी कुठल्या दिवशी असते ते विचारून ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी यंत्रणेतून मानसिक उपचार मिळणं हा हक्क केलाय, आणि त्याला वयाची अट नाही.

तर, "या वयात उपयोग होतो का?" होतो. कधी गोळीबरोबर, कधी नुसत्या बोलण्याने, कधी अडकलेल्या अर्जाने. सगळ्यांना होतो असं नाही. काही दुःखं बरी होत नाहीत, ती फक्त कोणाच्या तरी सोबतीने वाहता येतात. पण प्रयत्न न करण्याचं कारण वय हे असू शकत नाही.

या आठवड्यात एक करा. घरात किंवा फोनवर जे कोणी आजी-आजोबा असतील, त्यांच्या दिवसातलं एक क्रियापद शोधा, जे आपण उगाचच त्यांच्याकडून घेतलंय. वाटाणे सोलणं असेल, देवाला फूल वाहणं असेल, पेपरातलं शब्दकोडं असेल, स्वतःची सही असेल. ते परत देऊन बघा. वेळ लागेल, सांडेल, चुकेल. चालतंय. काय झालं ते मला लिहा, त्यांची परवानगी घेऊन.

भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि हो, ज्यांची घेताय त्यांना विचारून घ्या. नमस्कार.